पाळण्यात वजनकाटा ठेवला तर

आकाशपाळणा माथ्यावरून पलीकडे उतरायला लागला की पोटात गोळा येतो. तोच पाळणा तळाशी आला की कुणीतरी खांदे धरून खाली दाबतंय असं वाटतं. ब्रेकडान्सच्या पाळण्यात शेजारचा माणूस अंगावर येऊन आदळतो, साखळीच्या पाळण्यातली खुर्ची बाहेरच्या बाजूला उडते. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: गोल फिरताना बाहेर फेकणारी शक्ती लागते.

पण ती शक्ती लावतो कोण? पृथ्वी खाली ओढते, सीट ढकलते, साखळी ताणते. आपण गोल फिरतोय म्हणून या तिघांपैकी कुणीही बाहेर ढकलत नाही. चौथं तिथं कुणी नसतंच. म्हणून ‘बाहेर फेकणारी शक्ती’ थोडा वेळ बाजूला ठेवू आणि सीटवर एक वजनकाटा ठेवून त्यावर बसलोय अशी कल्पना करू. कुठल्या क्षणी काटा काय दाखवेल एवढं सांगता आलं की जत्रेतला कुठलाही पाळणा उलगडतो.

त्याआधी एक खुलासा. आपलं वजन आपल्याला थेट कधीच जाणवत नाही. पृथ्वीची ओढ शरीराच्या कणाकणावर सारखीच असते, त्यामुळे ती कळत नाही. कळतो तो खालच्या खुर्चीचा किंवा जमिनीचा उलटा रेटा. काटाही तोच मोजतो. रेटा वाढला की जड वाटतं, कमी झाला की हलकं, आणि नाहीसा झाला की पोटातली आतडी, जी एरवी एकमेकांवर टेकून बसलेली असतात, तीही टेकायची थांबतात. पोटातला गोळा म्हणतात तो हाच.

आता फुगडी. दोघी हात धरून मागे झुकतात आणि गरगर फिरतात. प्रत्येकीला सारखं वळत राहायचं असतं, आणि वळायला आतल्या दिशेनं ओढ लागते. ती ओढ समोरचीचे हात आणि जमिनीवर घट्ट रोवलेले पाय मिळून देतात. शाळेच्या पुस्तकात हिला अभिकेंद्री बल म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी हे काही वेगळं, नवं बल नव्हे. हातांचा ताण, साखळीचा ताण, सीटचा रेटा, टायरचं घर्षण, यांपैकी जे कुणी आत ओढण्याचं काम करेल त्याला त्या वेळेपुरतं मिळालेलं ते पद आहे.

हात सुटले तर? ती मुलगी वर्तुळाच्या मध्यापासून थेट बाहेर जात नाही. हात सुटले त्या क्षणी ती जिकडे निघाली होती, त्याच दिशेनं सरळ जाते. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं. पाखरांच्या दिशेला दगड आल्यावर तो दोरी सोडत नाही, पाव फेरी आधी सोडतो.

ओढ किती लागते याचा एक तोंडी हिशेब आहे: मीटरमधल्या त्रिज्येला ४० नं गुणायचं आणि एका फेरीला लागणाऱ्या सेकंदांच्या वर्गानं भागायचं. (४० हा आकडा π च्या वर्गाच्या चौपटीतून येतो, नेमका ३९.५ आहे.) उत्तर त्वरणात, म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो त्या मापात मिळतं. त्याची तुलना ९.८ शी करायची, कारण पृथ्वीची ओढ तेवढी आहे. फुगडीत शरीराचा मध्य अक्षापासून अर्धा मीटर आणि गिरकी दोन सेकंदांची असेल, तर ४० गुणिले अर्धा भागिले ४, म्हणजे ५. पृथ्वीच्या ओढीच्या निम्मं. पन्नास किलोच्या मुलीला आत ओढून धरायला २५ किलो उचलण्याइतका जोर लागतो. फुगडीनंतर मनगटं का दुखतात ते कळलं असेल.

आकाशपाळणा

नवरात्रात पुण्यात चतुःशृंगीच्या पायथ्याशी पाळणे उभे राहतात. अशा पाळण्याची त्रिज्या ८ मीटर आणि फेरी १० सेकंदांची धरू. ४० गुणिले ८ भागिले १००, उत्तर ३.२. साधारण ९.८ चा तिसरा हिस्सा.

माथ्यावर वर्तुळाचा मध्य आपल्या खाली असतो, म्हणजे लागणारी ओढ खालच्या दिशेनं. ती पृथ्वी देतेच आहे, उलट गरजेपेक्षा जास्त देते आहे. ९.८ मधले ३.२ वळण्यात खर्च झाले. उरलेले ६.६ सीटनं पेलायचे. साठ किलोच्या माणसाचा काटा इथं जेमतेम ४० दाखवेल. तळाशी मध्य डोक्यावर असतो. तिथं सीटला दोन कामं: आधी पूर्ण वजन पेलायचं, आणि वर वळवण्यासाठी आणखी ३.२ चा रेटा द्यायचा. काटा ८०. एका फेरीत ४० ते ८०, आणि माणूस तोच.

मधल्या उंचीवर लागणारी ओढ आडवी असते. ती सीटचं घर्षण, पाठ आणि पुढच्या दांडीवरचे आपले हात मिळून देतात. टोपली पिनवर लटकलेली असल्यामुळे तीही थोडी तिरकी होते. मुद्दाम झोके देऊन टोपली हलवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्या पिनला आधीच एकाच फेरीत कमी-जास्त भार येतो आहे. त्यात दुसरा झोका मिसळला की टोपली कुठल्या क्षणी किती तिरकी होईल हे पाळणावालाही सांगू शकत नाही.

आता खरी गंमत वेळेची. फेरी १० वरून ८ सेकंदांवर आणली तर उत्तर ५ येतं: माथ्यावर ३० किलो, तळाशी ९०. सहा सेकंदांवर आणली तर माथ्यावर काटा सहा किलोच्या आत येतो. आणि सुमारे ५.७ सेकंदांना काटा शून्य होतो, माणूस सीटला टेकलेलाच नसतो. दहावरून सहा म्हणजे बघणाऱ्याला फार वाटत नाही. पण ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग वीस टक्के वाढवला तर ओढ चव्वेचाळीस टक्के वाढते. ‘और तेज, और तेज’ असं ओरडणाऱ्या टोळक्याच्या हातात पाळण्याचा वेग देऊ नये, याला हे गणित पुरेसं आहे.

याच्या उलट टोकाला लंडनमधला प्रचंड पाळणा, लंडन आय. व्यास १२० मीटर, पण फेरी सुमारे अर्ध्या तासाची. तिथं साठ किलोच्या माणसाच्या काट्यात पाच ग्रॅमचासुद्धा फरक पडत नाही. उंची भीती दाखवते, काटा हलवत नाही.

पाळणावाला माणसं बसवताना एक टोपली भरतो, मग चाक अर्धं फिरवून समोरची भरतो. लोकांना वाटतं उगाच वेळ काढतोय. एका टोपलीत चार माणसं, म्हणजे २४० किलो, आणि समोरची रिकामी असेल, तर ८ मीटर लांबीच्या पहारीच्या टोकाला २४० किलो लटकवल्यासारखं होतं. ते चाक खाली खेचतं. मोटरला एका बाजूनं चढ आणि दुसऱ्या बाजूनं उतार लागतो, फेरीचा वेग एकसारखा राहत नाही, आणि ब्रेक लावल्यावर जड बाजू तळाशी घसरत येते.

साखळीचा पाळणा आणि एक चप्पल

वरच्या चाकाला साखळ्यांनी टांगलेल्या खुर्च्या. चाक फिरायला लागलं की त्या बाहेर झुकतात. इथं साखळीच एकटी दोन कामं करते: तिच्या ताणाचा उभा हिस्सा वजन पेलतो, आडवा हिस्सा आत ओढतो. वेग वाढला की आडव्या हिश्शाची गरज वाढते, आणि ती भागवायला साखळी तिरकी व्हावीच लागते. खुर्ची ‘उडते’ ती एवढ्यासाठी.

आधाराचा बिंदू मध्यापासून ५ मीटरवर आणि साखळी ४ मीटरची असेल, तर ४० अंश झुकायला फेरी सहा सेकंदांची लागते. खुर्चीचा वेग ताशी २८ किलोमीटर, आणि सीटवरचा काटा साठच्या जागी ७८. पुढच्या वेळी बाहेर उभं राहून एक गोष्ट बघा. रिकामी खुर्ची, बारक्या पोराची खुर्ची आणि धिप्पाड गड्याची खुर्ची जवळपास एकाच कोनात झुकलेल्या दिसतील. वजन दुप्पट झालं तर पृथ्वीची ओढही दुप्पट आणि वळवायला लागणारी ओढही दुप्पट. कोन ठरतो तो दोन्हींच्या गुणोत्तरावर, आणि ते बदलत नाही. साखळीवरचा ताण मात्र धिप्पाड गड्याच्या खुर्चीत दुप्पट असतो. कोन बघून साखळीची काळजी मिटत नाही ती म्हणूनच.

आणि पायातली चप्पल. चार मीटर उंचीवरून सुटली तर तिला जमिनीवर यायला ०.९ सेकंद लागतात. तेवढ्यात ती सुटल्या दिशेनं सात मीटर पुढे जाते. कठड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ती समोरून नव्हे, बाजूनं येऊन लागते. चप्पल काढून बसवण्याची पद्धत सोवळ्याची नाही, याच सात मीटरची आहे. मोबाइललाही तेच लागू.

कुआं, जहाज, ब्रेकडान्स

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात ‘मौत का कुआं’ आहे. ते पुस्तक छापणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, आणि चतुःशृंगीच्या जत्रेतला कुआंही त्याच रस्त्याला लागून. उभ्या भिंतीवर मोटरसायकल धावते तेव्हा आत ढकलण्याचं काम भिंत करते, आणि खाली न घसरू देण्याचं काम टायर आणि फळ्यांमधलं घर्षण. घर्षण भिंतीच्या रेट्याच्या प्रमाणात मिळतं आणि रेटा वेगातून येतो. व्यास १० मीटर आणि घर्षणांक (रेट्याच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा) ०.८ धरला तर किमान ताशी २८ किलोमीटर वेग लागतो. फळ्या ओल्या झाल्या किंवा त्यांवर ऑइल सांडलं आणि घर्षणांक ०.४ वर आला, तर तोच किमान वेग ताशी ४० होतो. नवरात्रात परतीचा पाऊस येऊन जातो. फळ्या पुसून कोरड्या केल्याशिवाय खेळ सुरू न करणारा मालक शहाणा.

गाडी आणि माणूस मिळून वजन कितीही असो, या हिशेबात ते येत नाही. जड गाडीला घर्षण जास्त लागतं, पण भिंतीचा रेटाही तितकाच जास्त मिळतो.

झुलणाऱ्या जहाजाची एक बाब सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. जहाज ६० अंशांपर्यंत चढून खाली आलं की तळाशी काटा दुप्पट दाखवतो, साठचे १२०. आणि हे जहाजाच्या दांड्याच्या लांबीवर अवलंबून नाही. दांडा लांब असेल तर तळाशी वेगाचा वर्ग जास्त असतो, पण त्रिज्याही त्याच मापानं मोठी असते, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. मोठं जहाज फक्त सावकाश झुलतं. पोटात गोळा हवा असेल तर टोकाची रांग गाठा. मधल्या रांगेतला माणूस ६० अंशांवर थांबतो तेव्हा त्याच्या सीटवर निम्मं वजन उरलेलं असतं. त्याच क्षणी, मध्यापासून २५ अंश दूर बसलेला वरच्या टोकाचा माणूस ८५ अंशांवर असतो, आणि त्याच्या सीटवर दहावा हिस्साही नसतो. त्याला अडवून धरते ती फक्त मांडीवरची दांडी.

ब्रेकडान्स सगळ्यांत फसवा, कारण त्यात वर्तुळावर वर्तुळ आहे. मोठा चौथरा एका दिशेला, त्यावरचा छोटा गट उलट दिशेला. चौथऱ्याची त्रिज्या ५ मीटर, फेरी सहा सेकंदांची. गटाची त्रिज्या २ मीटर आणि जमिनीवरून पाहता फेरी तीन सेकंदांची, असं धरू. पहिल्याची ओढ ५.५, दुसऱ्याची ८.८. गाडी सगळ्यांत बाहेरच्या टोकाला असते तेव्हा दोन्हींची बेरीज होते, १४.३, म्हणजे वजनाच्या जवळपास दीडपट आडवी ओढ. आतल्या टोकाला आली की वजाबाकी, ३.३, आणि तीही उलट दिशेनं. हा उलटफेर होतो अवघ्या एका सेकंदात. त्यात गाडी स्वतःच्या खुंट्यावर मोकळी फिरते, ती आणखी वेगळी. आपण पुढचा झटका ओळखू शकत नाही तो यामुळे.

इथं बसण्याचा क्रम महत्त्वाचा. एका बाकावर मूल आणि मोठा माणूस असतील तर झटक्यात ज्या बाजूला सरकायला होतं तिकडे मोठ्यानं बसायचं, मुलानं आतल्या बाजूला. उलट बसलात तर साठ किलोचा बाप वर सांगितलेल्या ओढीला ८७ किलोच्या जोरानं पोरावर रेलतो. बाप काही मुद्दाम रेलत नाही. तो सरळच जायला बघत असतो, मध्ये पोरगं येतं. कुठली बाजू ती गाडीच्या रचनेवर ठरते, चालवणाऱ्याला विचारावं.

उलटं होऊन न पडणं

रोलर कोस्टरच्या उभ्या वळशात माणूस माथ्यावर उलटा असतो. वेग पुरेसा असेल तर तिथं लागणारी ओढ पृथ्वीच्या ओढीपेक्षा जास्त असते, उरलेली सीट देते, म्हणजे सीट माणसाला खाली ढकलते. काटा तरीही दाबलेलाच असतो. पट्टा नसता तरी माणूस पडला नसता. पट्टा असतो तो वेग कमी पडला तर म्हणून.

वळसा अचूक गोल केला तर मात्र घोळ होतो. माथ्यावर काटा जेमतेम शून्यावर राहील इतकाच वेग ठेवला, तरी खाली उतरताना वेग वाढून तळाशी काटा सहापट दाखवतो. साठ किलोचे ३६०. वळसा लहान-मोठा करून हे सुटत नाही, त्रिज्या हिशेबातून निघूनच जाते. अमेरिकेत कोनी आयलंडवर १८९५ मध्ये गोल वळशाची गाडी सुरू झाली होती, आणि माना दुखावण्यासाठीच ती ओळखली गेली. उपाय निघाला तो वळसा गोल न ठेवण्याचा: माथ्यावर त्रिज्या लहान, तळाशी मोठी, म्हणजे उलट्या थेंबासारखा आकार. अँटोन श्वार्झकॉफ आणि वेर्नर श्टेंगेल यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘रिव्होल्यूशन’साठी असा वळसा बांधला, आणि आजचे उभे वळसे त्याच घराण्यातले. खोपोलीच्या इमॅजिका पार्कमधला नायट्रो रोलर कोस्टर बाजूनं बघा, वळसा गोल आहे की उभट ते नुसत्या नजरेनं ओळखता येतं.

सहापट ओढीत नेमकं बिघडतं काय? हृदयापासून मेंदू साधारण ३० सेंटीमीटर वर. एवढ्या उंचीवर रक्त चढवायला एरवी पाऱ्याचा २२ मिलिमीटर दाब खर्च होतो. चारपट ओढीतच तो ८८ होतो, आणि हृदयापाशी सरासरी दाबच नव्वदच्या आसपास असतो. मेंदूकडे जाणारं रक्त जवळजवळ थांबतं. मात्र मेंदूत काही सेकंद पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो. एक-दोन सेकंदांचा झटका म्हणून चालून जातो, तोच पाच-सहा सेकंद टिकला तर डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाब, हृदय, मान, गरोदरपण यांच्या पाट्या लावलेल्या असतात त्या यासाठी, शोभेसाठी नाहीत.

मळमळीचं गणित वेगळं, ते कानात आहे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव डोकं फिरायला लागल्यावर मागे राहतो, त्यावरून मेंदूला गिरकी कळते. वीसेक सेकंद एकसारखं फिरलं की द्रवही सोबत फिरायला लागतो आणि गिरकी जाणवेनाशी होते. पाळणा थांबला की द्रव चालूच राहतो, आणि मेंदूला वाटतं आपण उलटे फिरतोय. फिरत असताना मान वळवली तर दुसऱ्याच नळ्यांमध्ये खळबळ उठते. म्हणून मान सीटला टेकवून सरळ, नजर समोरच्या दांडीवर किंवा सोबत्याच्या चेहऱ्यावर. वडापाव नंतर.

बसण्याआधी एक मिनिट

आठ सेकंदांची फेरी असलेला पाळणा तासाला ४५० फेऱ्या मारतो. रोज पाच तास, दहा रात्री, म्हणजे साडेबावीस हजार वेळा प्रत्येक पिन आणि वेल्डिंगचा सांधा भार घेतो आणि सोडतो. लोखंडी तार हातानं पुढे-मागे वाकवत राहिलं की ती तुटते, तसंच हे. एका भारानं न तुटणारा सांधा हजारो लहान भारांनी तडकतो.

तडा दिसत नाही, पण त्याची खूण दिसते. रंगाखालून निघालेली गंजाची बारीक तांबूस रेघ सांध्यापाशी दिसली तर त्या पाळण्यात बसू नये. टोपलीच्या पिनेच्या टोकाला कॉटर पिन (मुख्य पिन निसटू न देणारी छोटी खीळ) आहे की तिच्या जागी तारेचा तुकडा वळवलाय, हे खालून दिसतं. साखळीच्या खुर्चीला मुख्य साखळीशिवाय दुसरी मोकळी साखळी किंवा वायरदोर आहे का बघा. पायाखालचे लाकडी ठोकळे पावसानं मऊ झालेल्या मातीत एका बाजूनं रुतले असतील तर चाकाचा अक्ष आडवा राहत नाही, आणि दर फेरीला बेअरिंग एकाच बाजूनं घासतं. तो कुरकुर आवाज ठरावीक जागी, ठरावीक वेळानं येतो. मांडीवरची दांडी स्वतः ओढून बघा, आणि ओढणी, मोकळे केस आत घ्या.

आणि खरा वजनकाटा न्यायची गरज नाही. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनमधल्या संवेदकावर त्वरण मोजतं. टेबलावर ठेवलेला फोन ९.८ दाखवतो, कारण तोही टेबलाचा रेटाच मोजतो. नोंद सुरू करून फोन चेनच्या खिशात घाला, चेन लावा, खाली उतरून मगच बघा. फोन कसाही आडवातिडवा असला तरी ‘एकूण त्वरण’ हा आलेख चालतो. आकाशपाळण्याचा आलेख लाटेसारखा निघेल: तळाशी १३, माथ्यावर ६.६, मधल्या उंचीवर दोन्ही बाजूंना १०.३ च्या आसपास. दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे फेरीचा वेळ. १३ आणि ६.६ यांच्यातल्या फरकाचं निम्मं ३.२, त्याला वेळेच्या वर्गानं गुणा आणि ४० नं भागा. पाळण्याची त्रिज्या आठ मीटर, मीटरपट्टी न लावता.